शापित वंश खेळण्याजोगा कसा घडवावा

कल्पित जगातल्या रोलप्लेइंग खेळासाठी (ज्यात खेळाडू टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका करतात) शापित, दिसायला भयंकर पण सुसंस्कृत असा वंश घडवू पाहणारे बहुतेक जण सुरुवात शिंगांपासून आणि सुळ्यांपासून करतात, मग एक दुःखद पूर्वकथा जोडतात आणि ‘मनाने मात्र हे लोक चांगले असतात’ असे लिहून थांबतात. अशा वंशाचे पात्र पहिली दोन सेशन (खेळाच्या बैठका) लक्ष वेधून घेते आणि नंतर शिंगे लावलेला साधा माणूस होऊन बसते. माझ्या मते काम उलट्या टोकाने करावे. आधी शापाची अट नेमक्या शब्दांत लिहावी, त्या अटीसह पिढ्यानपिढ्या जगायचे तर कोणते कायदे, सवयी आणि शिष्टाचार लागतील ते शोधावे, आणि रूप सर्वांत शेवटी ठरवावे.

‘देव कोपला आणि ते कुरूप झाले’ ही शापाची कथा झाली. तिच्यातून खेळणाऱ्याला टेबलावर करण्यासारखे काही मिळत नाही. अट अशी हवी की ती रोज आडवी येईल. उदाहरण म्हणून एक वंश घडवून पाहू. एका नगराने कोठारे भरलेली असताना दुष्काळात वेशीबाहेरच्या भुकेल्यांना दार उघडले नाही, आणि त्या नगराला शाप मिळाला की तिथल्यांचे जबडे श्वापदासारखे होतील व एकट्याने खाल्लेले अन्न त्यांच्या अंगी लागणार नाही. बाहेरचे लोक त्यांना दंतुर म्हणतात. ते स्वतःला वाटेकरी म्हणवतात. एवढ्या अटीतून सगळा समाज उभा राहू लागतो. त्यांच्या घरांत स्वतंत्र चूल नसते, प्रत्येक गल्लीचे सामाईक भोजनगृह असते. सीमेवरचे पहारेकरी आणि परराज्यात जाणारे दूत नेहमी जोडीने जातात. एकांतवासाची कैद त्यांच्यासाठी मृत्युदंडच असल्यामुळे ती सुनावण्याचा अधिकार एकाच न्यायालयाला असतो, आणि त्यांच्या भाषेतली सर्वांत जहाल शिवी ‘एकटा जेवणारा’ ही असते. शिवाय ज्यांच्या सुळ्यांची सर्वांना भीती वाटते, तेच लोक अनोळखी वाटसरूला जेवायला थांबण्याची मनापासून विनंती करतात. नाट्य इथे आपोआप तयार होते, वेगळे घडवावे लागत नाही.

शापाबद्दल वंशात एकमत ठेवू नये. द एल्डर स्क्रोल्स या खेळमालिकेतील ऑर्क नावाचे सुळेधारी लोक, म्हणजे ऑर्सिमर, हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मूळचे हे एल्फ, म्हणजे टोकदार कानांचे, माणसासारखे लोक. त्यांचा देव ट्रिनिमॅक याला बोइथिया या दानवी देवतेने गिळले, त्यातून मालाकॅथ निपजला आणि अनुयायांचेही रूप पालटले, अशी तिथली कथा आहे. पण ऑर्कांच्या ऑर्सिनियम नगराचा राजा गोर्टवॉग मानतो की ट्रिनिमॅक अजून जिवंत आहे आणि मालाकॅथ हा वेगळाच दानव आहे. या एका मतभेदामुळे त्या वंशात धर्म, राजकारण आणि घराघरांतली भांडणे यांना जागा मिळते. वाटेकऱ्यांमध्येही एक पंथ शापाला न्याय्य शिक्षा मानेल, दुसरा म्हणेल की दार बंद ठेवण्याची आज्ञा राजाची होती, मग शाप प्रजेला का, आणि तरुणांना हा वादच नकोसा झालेला असेल. खेळाडूने पात्र निर्माण करताना यांपैकी एक बाजू निवडावी.

नियमांकडे वळताना मोठी चूक होते ती कॅरिझ्मा, म्हणजे पात्राचा प्रभाव मोजणारा आकडा, याबाबत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या १९७८ च्या नियमांत हाफ-ऑर्कचा (अर्धा ऑर्क, अर्धा माणूस) कॅरिझ्मा २ ने कमी होत असे, आणि तिसऱ्या आवृत्तीत टीफलिंगचाही (दानवी रक्ताचा अंश असलेला माणूस) तसाच. पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याच टीफलिंगला कॅरिझ्मामध्ये २ ची वाढ मिळाली. मला हा बदल योग्य वाटतो, कारण कॅरिझ्मा म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा जोर. लोक घाबरतात हा दोष पाहणाऱ्यांच्या मनात असतो, म्हणून तो पात्राच्या शीटवर उणे आकड्याने लिहू नये, गेम मास्टरने (खेळाची कथा चालवणाऱ्याने) प्रसंगातून दाखवावा. शापाच्या अटीला मात्र नियम हवाच. पाचव्या आवृत्तीत तो असा लिहिता येईल: मागील विश्रांतीनंतर वाटेकऱ्याने कोणासोबत जेवण केले नसेल, तर ८ तासांच्या लाँग रेस्टचा (लांब विश्रांतीचा) लाभ त्याला मिळत नाही; म्हणजे हिट पॉइंट्स (पात्र किती इजा सोसू शकते त्याचा आकडा) भरत नाहीत आणि स्पेल स्लॉट्सही (मंत्र वापरण्याच्या मोजक्या संधी) परतत नाहीत. त्याच्या मोबदल्यात जबड्याचा चावा द्यावा, त्याची इजा एका सहाबाजूंच्या फाशावर पडेल तितकी आणि तिच्यात स्ट्रेंग्थ मॉडिफायर (पात्राच्या ताकदीवरून ठरणारा आकडा) मिळवून. याहून जास्त शक्ती देण्याचा मोह टाळावा. तिसऱ्या आवृत्तीत बलवान वंशांवर लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट बसवली जाई, म्हणजे वंशाच्या जादा शक्तीपोटी अनुभवाच्या काही पायऱ्या (लेव्हल) आधीच मोजल्या जात, आणि तसे पात्र प्रत्यक्ष लेव्हल कमी असल्यामुळे हिट पॉइंट्समध्ये सोबत्यांच्या मागे राहत असे.

कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग कथा, सुरू होण्यापूर्वी टेबलावरील सर्वांनी मिळून ठरवावे की या वंशाविषयीचा तिरस्कार खेळात किती दिसेल. प्रत्येक गावात दगड झेलावे लागले तर त्या एका खेळाडूचा खेळ शिक्षा बनतो, आणि कोणीच दचकले नाही तर रूपाला अर्थ उरत नाही. मी साधारण असे प्रमाण धरतो की तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी अडवणूक व्हावी, एका ठिकाणी केवळ कुतूहल असावे, आणि एका ठिकाणी वाटेकऱ्यांना आधीपासून ओळखणारे कोणी भेटावे.

शाप सुटू शकतो का, हे गेम मास्टरने पहिल्या सेशनआधी स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे. सुटू शकत असेल, तर सुटल्यावर सामाईक भोजनगृहांचे काय होईल तेही लिहावे, आणि मुक्ती नाकारणाऱ्या एका वृद्ध आचाऱ्याला नाव देऊन त्याची आणि पात्राची भेट कॅम्पेनच्या पूर्वार्धातच घडवून आणावी.