आई-बाबांना लेक सुपीरियर दाखवायचाय? मग हे वाचून निघा

आईला फोनवर म्हटलं, यंदा आलात की लेक सुपीरियरला नेतो, तर ती म्हणते "कुणाची लेक?" इथे अमेरिकेत मिनियापोलिसला राहणाऱ्या आपल्या लोकांकडे उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा आलेले असतात आणि वीकेंडला त्यांना न्यायचं कुठे हा प्रश्न असतोच. मी आत्तापर्यंत चार वेळा घरच्यांना घेऊन गेलोय, त्यातल्या दोन वेळा चांगलाच गंडलोय, म्हणून लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, घरच्यांना "तलाव बघायला जायचंय" असं सांगू नका. तलाव म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर तळ्यातला गणपती नाहीतर रंकाळा येतो, आणि मग "त्यासाठी अडीच तास गाडीत बसायचं?" हे ऐकून घ्यावं लागतं. हा प्रकार ८२,१०० चौरस किलोमीटरचा आहे, आपला अख्खा कोकण विभाग त्यात अडीच वेळा मावेल, आणि सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर पाणी. क्षेत्रफळात जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. इथले मूळचे ओजिब्वे लोक त्याला गिचिगामी म्हणतात, म्हणजे मोठा समुद्र, आणि मला तेच नाव बरोबर वाटतं. सुपीरियर हे फ्रेंचांनी दिलेलं, त्याचा अर्थ नुसता 'वरचा'.

कधी जायचं? जूनमध्ये नका जाऊ. आमची पहिली चूक हीच, मिनियापोलिसला घाम गाळत निघालो, सगळे टी-शर्टवर, आणि सरोवराच्या काठावरच्या डुलुथ शहरात उतरलो तर धुकं आणि असा गारठा की बाबांनी गाडीतली पिकनिकची चादर अंगावर घेतली आणि दिवसभर सोडली नाही. पाणी इतकं थंड असतं की किनाऱ्यालगतची हवाच वेगळी, त्यामुळे शहरातला फोरकास्ट बघून कपडे भरू नका. ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर बेस्ट, आणि तेव्हासुद्धा माणशी एक स्वेटर आणि कानटोपी डिकीत टाकाच, आई नको म्हणाली तरी.

आय-३५ हायवेने सरळ वर जायचं, साधारण दीडशे मैल. डुलुथ यायच्या आधी थॉम्पसन हिलचा रेस्ट एरिया लागतो, तिथे थांबायचंच, बाथरूमसाठी तर आहेच पण तिथून खाली एकदम सगळं पाणी दिसतं आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. आमचे बाबा गुहागरचे. ते बराच वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले "वास कसा येत नाही रे?" मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं, समुद्र दिसतोय, लाटांचा आवाज नंतर खाली गेल्यावर येतो, पण खारा वास नाही, ओल्या जाळ्यांचा वास नाही, काही नाही. त्यांचा पुढचा प्रश्न, भरती किती वाजता. तर भरती-ओहोटी इथे नावाला, कळण्याइतकी नाहीच, पण जोराचा वारा एका बाजूला पाणी लोटतो आणि मग ते परत हिंदकळतं, परातीत पाणी घेऊन चाललं की होतं ना तसं, त्याने पातळी वरखाली होते.

डुलुथमध्ये कॅनाल पार्कला गाडी लावा आणि तिथेच ठाण मांडा. लोक इथे पंधरा मिनिटं फोटो काढून पुढे पळतात. इथली खरी मजा म्हणजे जहाज, आणि त्याचं टाइमटेबल ऑनलाइन मिळतं, ते आदल्या रात्री बघून ठेवा. जवळजवळ हजार फूट लांबीचं लोखंडाच्या खनिजाचं जहाज ३०० फुटी कालव्यातून आत शिरतं, त्याच्यासाठी पूर्ण पूल लिफ्टसारखा वर उचलला जातो, जहाज भोंगा देतं, पूल भोंग्याने उत्तर देतो, आणि तुम्ही कठड्याला टेकून उभे असता, डेकवरचा माणूस हात करतो तोही दिसतो. आईने त्याला नमस्कार केला होता. (जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या शेवटापर्यंत सू लॉक्स, म्हणजे सुपीरियरमधून खालच्या सरोवरांत जहाजं नेणारे पाण्याचे दरवाजे, बंद असतात, तेव्हा जहाजांच्या आशेने जाऊ नका.) शेजारचं मेरिटाइम सेंटर फुकट आहे आणि आत ऊब आहे.

आता इथे उभं असताना घरच्यांना एक गोष्ट जरूर सांगा. २८ नोव्हेंबर १९०५, भयंकर वादळ, मटाफा नावाचं जहाज ह्याच कालव्यात शिरायला बघत होतं, धक्क्यावर आदळलं, मोडलं आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर अडकून पडलं. हजारो लोक काठावर जमले, शेकोट्या पेटवल्या, पण रात्रभर कुणालाही तिथपर्यंत जाता आलं नाही. जहाजाच्या मागच्या भागातले नऊ जण गारठून मेले, डुलुथकरांच्या डोळ्यादेखत. हे ऐकल्यावर आमच्याकडे कुणीच थोडा वेळ काही बोललं नाही, आणि मग तो शांत निळा कालवा वेगळाच दिसायला लागतो.

ह्या वादळाचा पुढचा धागा म्हणजे स्प्लिट रॉक दीपगृह, हायवे ६१ ने पाऊण-एक तास पुढे. त्या वादळात इतकी जहाजं गेली की दीपगृहाची मागणी झाली आणि १९१० मध्ये १३० फुटी कड्यावर ते पेटलं. तेव्हा रस्ताच नव्हता, सामान बोटीने आणून क्रेनने कड्यावर ओढलं. १९६९ ला बंद केलं, पण दर १० नोव्हेंबरला पुन्हा लावतात, कारण १९७५ मध्ये त्या तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड हे ७२९ फुटी जहाज बुडालं, २९ माणसं, एकही वाचलं नाही. आदल्याच दिवशी डुलुथच्या पलीकडच्या बंदरातून निघालं होतं. शेवटचा रेडिओ संदेश 'आम्ही तग धरून आहोत' ह्या अर्थाचा, आणि नंतर काही नाही. त्या दिवशी सगळी नावं वाचून घंटा वाजवतात. खाली उतरायला पायऱ्या खूप आहेत, गुडघेवाल्यांनी वरच थांबावं, वरूनही मस्त दिसतं. तिकीट वेगळं लागतं. वाटेतल्या गूसबेरी धबधब्याला मात्र व्हिजिटर सेंटरचं पार्किंग फुकट.

पाण्यात उतरायचं असेल तर डुलुथमधल्याच पार्क पॉइंटची वाळू छान, पण घोट्याच्या वर जाऊ नका. दुसरी चूक माझीच, कोकणातला पोहणारा म्हणून सरळ घुसलो आणि छातीपर्यंत गेल्यावर श्वासच अडकला, हातपाय ऐकेनात. इथे १-१०-१ असा हिशोब शिकवतात, पहिला १ मिनिट श्वासावर ताबा आणायचा, मग हातपाय चालतात जेमतेम १० मिनिटं, आणि साधारण १ तासात शुद्ध जाते. तिथे रिप करंटही (माणसाला आत खेचणारे प्रवाह) असतात, लाल झेंडा असेल तर लांबूनच बघा.

जेवणाचं, व्हेज मंडळी असतील तर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या, पुढे पर्याय कमी. मासे खाणारे असतील तर हायवेवर धुरी दिलेला ट्राउट मिळतो, बाबांच्या मते "बरा आहे, पण गोड का केलाय." हा ट्राउट संपायला आला होता बरं का, समुद्रातला लँप्री, वामीसारखा दिसणारा रक्तपित्या, कालव्यांच्या वाटेने १९३८ च्या सुमारास इथे पोचला आणि माशांना चिकटून त्यांचा फडशा पाडला. १९५८ पासून लँप्रीची पिल्लं मारणारं औषध नद्यांत सोडतात तेव्हा कुठे ट्राउट परत आला.

आणि दगड. आई लोक दगड उचलणारच, तांबडे पट्टेवाले अगेट इथे सापडतात. स्टेट पार्कमध्ये उचलायला मनाई आहे, बाहेरच्या सार्वजनिक किनाऱ्यावर शोधा, ओले असताना आणि सूर्य समोर असताना पटकन दिसतात. आमच्या आईने दीड तास वाकून तीन जमवले, त्यातला एक बाबांनी विटेचा तुकडा आहे असं सिद्ध केलं. तरी तोही तिने गुहागरला नेला, तुळशीपाशी ठेवलाय.