नर्सिंग होममधल्या मावशी-मामांना मोबाइलवर सुरक्षा प्रशिक्षण कसं द्यावं

लिंक ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी व्हिडिओ 'बघितला', सर्टिफिकेट फाइलला लागलं आणि दुसऱ्या दिवशी तीच मावशी उघड्या हातानं कचऱ्याची पिशवी दाबून बसवते आहे. मुंबईतल्या छोट्या रुग्णालयांत ऑनलाइन प्रशिक्षण बहुतेक वेळा इथेच फसतं. फोनवर धोका कोणता आणि तो का, हे चांगलं सांगता येतं. ग्लोव्ह कसा काढायचा, बादलीत औषध किती घालायचं, हे मात्र वॉर्डात हातानं करून घ्यावं लागतं. म्हणून प्रत्येक धड्याचे दोन भाग ठरवा: सहा-सात मिनिटं फोनवर, आणि त्याच आठवड्यात पंधरा मिनिटं प्रत्यक्ष.

आधी यादी करा, पण हुद्द्यांची नको, कामांची करा. सकाळच्या ड्यूटीबरोबर एक फेरी मारा आणि कोणाच्या हातात काय येतं ते लिहून काढा: ड्रेसिंगची ट्रे कोण उचलतं, सुयांचा डबा कोण बंद करतं, लॅबमधल्या नळ्या कोण धुतं, संडासात अ‍ॅसिड कोण ओततं, क्षयाच्या पेशंटची चादर कोण बदलतं. या यादीत हमखास गळतात ते एजन्सीचे कंत्राटी कामगार, कारण त्यांची नावं तुमच्या पगारपत्रकात नसतात. सर्वांत जास्त कचरा त्यांच्याच हातून जातो. एजन्सीशी करार करतानाच प्रशिक्षणाची अट लिहून घ्या आणि नवा माणूस पहिल्या पिशवीला हात लावण्याआधी पहिला धडा पूर्ण करेल असं ठरवा.

व्हिडिओ विकत आणू नका, स्वतः काढा. परदेशी रुग्णालयातला चकचकीत कॉरिडॉर बघून आपल्या माणसाला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. तुमचीच बादली, तुमचेच डबे, तुमच्याच स्टोअरमधली बाटली दाखवा. फोन उभा धरून शूट करा आणि आवाज स्पष्ट ठेवा. पडद्यावरच्या मजकुरावर अवलंबून राहू नका, कारण वाचणं सगळ्यांना सोपं जात नाही. मराठीत आणि हिंदीत दोन वेगळे आवाज रेकॉर्ड करा. 'जैववैद्यकीय कचरा' म्हणण्याऐवजी 'लाल पिशवी, पिवळी पिशवी' म्हणा, वॉर्डात तेच शब्द चालतात.

वेळ ड्यूटीतलाच द्या. बदलापूर किंवा नालासोपाऱ्याहून लोकलनं लोंबकळत येणाऱ्या माणसाकडून प्रवासात धडा पूर्ण होण्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे, आणि त्यातून शिकणंही होत नाही. अनेक घरांत फोन एकच असतो, ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो. लिनन रूममध्ये एक टॅब ठेवा, धडे त्यात आधीच उतरवून ठेवा आणि ड्यूटी बदलताना दोघा-दोघांना बसवा. एकानं दुसऱ्याच्या नावावर उत्तरं देण्याचा प्रकारही त्यामुळे थांबतो.

प्रश्न असे विचारा की पाठांतरानं सुटणार नाहीत. 'सुई धोकादायक आहे का, हो की नाही' याला काही अर्थ नाही. त्याऐवजी फोटो दाखवा: पिवळ्या पिशवीत कापसाच्या वर सुई दिसते आहे, काय कराल? हात घालून काढेन, पिशवी हलवून सुई खाली जाऊ देईन, की पिशवीला हात न लावता सिस्टरना बोलावेन? शंभरपैकी सत्तर गुणांना पास हा हिशेब इथे लावू नका. सुई, क्लोरीन आणि मास्क यांवरचा एकही प्रश्न चुकला, तर तो धडा पुन्हा.

सुईचा धडा

सर्वांत जास्त मेहनत यावर घ्या. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. सुई थेट पांढऱ्या अर्धपारदर्शक, न भोसकला जाणाऱ्या डब्यात जाते. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, कारण गच्च भरलेल्या डब्यातच वरची सुई हाताला लागते. सुई नसलेली सिरिंज, सलाइनची नळी आणि बाटली, वापरलेले ग्लोव्ह लाल पिशवीत. रक्ताचा कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत. औषधाच्या काचेच्या कुप्या, फुटलेली काच निळ्या खुणेच्या डब्यात. हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे आहे.

सुई लागलीच तर? वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही, त्यानं कातडी आणखी दुखावते. लगेच सिस्टरना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो 2 तासांत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही, आणि ती 28 दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीची लस आधीच झालेली हवी: पहिला डोस, मग एक महिन्यानं, मग पहिल्या डोसपासून सहा महिन्यांनी. तिसरा डोस चुकणारे खूप असतात, त्यामुळे त्याची तारीख प्रशिक्षणाच्या नोंदीतच लिहून ठेवा.

या धड्यात एक चित्र नक्की हवं: रात्री दोन वाजता सुई लागली तर कोणाला फोन करायचा, तो आतला नंबर मोठ्या आकड्यांत. 'वरिष्ठांना कळवा' एवढ्यानं काही होत नाही. आणि मालकांनी किंवा मुख्य डॉक्टरांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगावं की सुई लागल्याचं कळवल्यावर कोणाचा पगार कापला जाणार नाही, कोणाला काढलं जाणार नाही. कंत्राटी मावशी गप्प बसते ती नोकरीच्या भीतीनं. तिची समजूत कमी असते असं मानून धडा लिहिलात, तर तो वाया जाईल.

बादलीतलं औषध आणि अ‍ॅसिड

सोडियम हायपोक्लोराइटचं, म्हणजे ब्लीचचं, प्रमाण 'दोन झाकणं' असं शिकवू नका. झाकणं लहानमोठी असतात. बाटलीवर 5 टक्के लिहिलं असेल, तर 1 टक्क्याच्या द्रावणासाठी एक भाग औषध आणि चार भाग पाणी: 200 मिली औषध, 800 मिली पाणी. बाटली 10 टक्क्यांची असेल, तर 100 मिली आणि 900 मिली. पुरवठादार बदलला की टक्केवारी बदलू शकते आणि हात मात्र जुन्याच मापानं ओततो. म्हणून प्लास्टिकच्या बादलीवर आतून पक्क्या शाईनं दोन रेघा मारा, पाण्याची आणि औषधाची, आणि नवी बाटली आली की रेघा तपासा. द्रावण रोज ताजं करा, कारण क्लोरीन उडून जातो, उन्हात आणखी लवकर. लोखंडी बादली नको, ती गंजते.

रक्त सांडलं तर ग्लोव्ह घालून वर जुनं कापड किंवा टिपकागद टाका, त्यावर 1 टक्क्याचं द्रावण ओता, दहा मिनिटं थांबा, मग उचलून पिवळ्या पिशवीत. काच असेल तर ती चिमट्यानं निळ्या खुणेच्या डब्यात. लघवी सांडली असेल तर आधी टिपून घ्या, थेट द्रावण ओतू नका, त्यातून क्लोरीनचा वायू सुटू शकतो. थांबण्याची ती दहा मिनिटंच बहुतेक जण गाळतात. प्रत्यक्ष सरावात घड्याळ लावून थांबायला लावा.

संडासच्या टाइल्सवर अ‍ॅसिड आणि पाठोपाठ ब्लीच, ही मुंबईत घरोघरी चालणारी रीत जीवघेणी आहे. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्या बाथरूमांना खिडकी म्हणजे नावाला एक झडप. डोळे चुरचुरले, खोकला आला की बादली तिथेच सोडून बाहेर पडायचं, मोकळ्या हवेत थांबायचं, डॉक्टरांना सांगायचं, 'एवढं पुसून घेते' म्हणून परत आत जायचं नाही. अ‍ॅसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या कपाटांत ठेवा. डोळ्यात उडालं तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं. तो नळ कुठला, हे व्हिडिओत दाखवा.

मास्कसाठी वेगळा छोटा धडा पुरतो. क्षयाच्या वॉर्डात साधा सर्जिकल मास्क पुरत नाही, एन-95 लागतो. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, मग जोरात श्वास सोडून कडेनं हवा निसटते का ते तपासायचं. दाढीवर मास्क बसत नाही. मे महिन्यातल्या घामानं भिजलेला मास्क बदलावाच लागतो, तेवढा साठा ठेवा.

जूनच्या सुरुवातीला पावसाचा एक धडा जोडा. हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलच्या पाण्यातून चालत ड्यूटीवर पोचणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणाऱ्या जंतूंच्या तापाचा, धोका असतो, पायाला जखम असेल तर जास्तच. आल्याबरोबर पाय साबणानं धुवायचे आणि ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि ते पाण्यातून चालल्यापासून तीन दिवसांच्या आत ठरावं.

नोंदवहीत नाव, काम, भाषा, धड्याची तारीख आणि प्रत्यक्ष करून दाखवल्याची सही, ही सही सिस्टर इन्चार्जची. नियमानुसार कचरा हाताळणाऱ्यांना रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावं लागतं, आरोग्य तपासणीही तशीच. प्रशिक्षणाचा आणि अपघातांचा तपशील वार्षिक अहवालात 30 जूनपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो, तेव्हा वही मे महिन्यातच पूर्ण करा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुई लागल्याच्या नोंदी वाढलेल्या दिसतील. घाबरू नका, सुया आधीही लागत होत्या, आता ते सांगितलं जातं आहे. प्रत्येक नोंदीसमोर जागा आणि वेळ लिहा. एकाच टेबलापाशी, एकाच पाळीत पुन्हा पुन्हा लागत असेल, तर व्हिडिओ परत दाखवण्याआधी तिथे सुयांचा डबा हाताच्या अंतरावर आहे का ते बघा.