सेफ्टी रेझरने खरंच पैसे वाचतात का? आधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला तेव्हा त्याच्या गळ्यावर तीन ठिकाणी कागदाचे कपटे चिकटवलेले होते. "मामा, पैसे वाचवायला घेतला रे हा रेझर," असं म्हणत त्याने चामडी पाऊच उघडून दाखवलं. आत जाडजूड स्टेनलेस स्टीलचा परदेशी रेझर होता, ३,८०० रुपयांचा. सोबत १,४०० चा ब्रश, लाकडी वाटीतला ९०० चा साबण आणि ५० जपानी पाती, नग ३० रुपये. बेरीज ७,६०० वर गेली. त्याआधी तो दोन पात्यांचा साधा प्लास्टिकचा रेझर वापरायचा आणि त्याच्या कार्ट्रिजवर, म्हणजे पात्यांसकट बदलायच्या डोक्यावर, वर्षाला त्याचे पाचेकशे रुपये जायचे.

मी बावीस वर्षं सेफ्टी रेझरनेच, म्हणजे एकच सुटं दुधारी पातं बसवायच्या रेझरनेच, दाढी करतो आणि घरखर्चाच्या वहीत त्याचा हिशेबही लिहितो. सेफ्टी रेझरने पैसे वाचतात हे मी छातीठोकपणे सांगेन. पण ते वाचतात पात्यावर, आणि तेही आधी काय वापरत होता यावर अवलंबून आहे. हे लक्षात न घेता खरेदीला निघालं की हिशेब फिसकटतो.

पहिली चूक: अमेरिकेचा हिशेब आपल्या घरात

सेफ्टी रेझरचं कौतुक करणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे एकेका कार्ट्रिजला काही डॉलर मोजावे लागतात, त्यामुळे त्यांची बचत डोळ्यांत भरते. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. २०१० मध्ये जिलेटने खास भारतासाठी 'गार्ड' नावाचा रेझर आणला, तेव्हा तो १५ रुपयांना आणि त्याचं कार्ट्रिज ५ रुपयांना होतं. इतकं स्वस्त कार्ट्रिज वापरणाऱ्याची बचत आणि तीन-पाच पात्यांचं महागडं कार्ट्रिज वापरणाऱ्याची बचत एकाच मापाने कशी मोजणार?

माझ्या वहीतले आकडे देतो. आठवड्याला पाच दाढ्या, म्हणजे वर्षाला २६०. एक पातं मला चार दाढ्यांना पुरतं, म्हणजे ६५ पाती. चार रुपयांना एक धरलं तर वर्षाचे २६० रुपये. आता दुसरी बाजू बघा. दोन पात्यांचं साधं कार्ट्रिज १२ रुपयांना धरलं आणि ते सहा दाढ्या चाललं, तर वर्षाला ५२० च्या आसपास. तीन पात्यांचं कार्ट्रिज १२० ला आणि दहा दाढ्या, तर ३,१२०. आठवड्यातून दोनदा सलूनमध्ये ८० रुपये देत असाल, तर ८,३२०.

म्हणजे तीन पात्यांवाल्याचा ६०० रुपयांचा सेफ्टी रेझर तीन महिन्यांच्या आत वसूल होतो. साध्या कार्ट्रिजवाल्याला तोच रेझर फिटायला दोन वर्षांवर लागतात. भाच्याचं तर आणखी अवघड होतं. ३० रुपयांचं पातं चार दाढ्यांना वापरलं की वर्षाला पात्यांवरच १,९५० जातात, म्हणजे जुन्या रेझरच्या जवळपास चौपट. ७,६०० कधी फिटतील हा प्रश्नच उरत नाही, कारण दर महिन्याला भर पडतेय ती खर्चात.

महाग रेझर आधी, दाढी नंतर

किंग कॅम्प जिलेट यांनी बदलत्या पात्याचा रेझर बाजारात आणला तो १९०३ मध्ये. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. रेझरची किंमत पाच डॉलर होती, त्या काळी कामगाराला ती चांगलीच जड जायची. पण तेव्हाची रचना आजही तीच आहे: वरचं झाकण, मधली पट्टी, खालचा दांडा आणि त्यात दाबून धरलेलं पातळ पातं. ४०० रुपयांच्या रेझरमध्ये पातं नीट, समांतर बसत असेल तर ४,००० च्या रेझरने गाल दहापट गुळगुळीत होत नाहीत.

मात्र अगदी दीड-दोनशेचा घेताना एक गोष्ट बघा. स्वस्तातले बरेच रेझर जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेला असतो. दांड्यात फिरणारा झाकणाचा आटा त्याच ठिसूळ धातूचा असतो. हातातून फरशीवर पडला, किंवा जोर लावून आवळला, की आटाच तुटतो. म्हणून बोटांनी घट्ट होईल तेवढंच फिरवा. माझ्या वडिलांचा पितळी रेझर चाळीस वर्षांनंतरही चालतो आहे, मुलामा मात्र पार उडाला आहे.

पात्यांचंही तसंच. सुरुवातीला शंभराचा डबा मागवू नका. एकाला लोण्यासारखं वाटणारं पातं दुसऱ्याची कातडी सोलतं. सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स, विल्किन्सन, जे दुकानात मिळेल त्याचं पाच-पाच पात्यांचं एकेक पाकीट आणा आणि प्रत्येकी दोन आठवडे वापरून बघा. 'फेदर'सारखी जपानी पाती फार तेज असतात. हात बसलेल्याच्या हातात ती सुंदर चालतात, नवशिक्याला मात्र रक्त काढतात.

सगळ्यात महागडी चूक: दाब

भाच्याला बेसिनपाशी उभं केलं आणि म्हटलं, "कर दाढी, मी बघतो." त्याने रेझर मुठीत धरला आणि कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात ओढला. कार्ट्रिजची तीच सवय. कार्ट्रिजचं डोकं स्वतःच वळतं, दाबलं तरी निभावून जातं. सेफ्टी रेझरचं डोकं ताठ असतं. दाब दिला की पातं केसाबरोबर कातडीही घेतं.

"आता दांडा शेवटाकडे धर, दोन बोटं आणि अंगठा. पडणार नाही इतकंच."

"मग जोर कुठून येणार?"

"जोर येऊच द्यायचा नाही. रेझरचं वजन पुरे."

मग त्याला आवाज ऐकायला लावला. झाकणाची कड गालाला टेकवायची आणि दांडा हळूहळू खाली आणायचा. एका टप्प्यावर खुंट कापले जाण्याचा बारीक कुरकुर आवाज येतो. कातडीशी पात्याचा साधारण ३० अंशांचा कोन झाला की तो येतो. आवाज थांबला की कोन सुटला. नळ बंद ठेवून दाढी केली तरच तो ऐकू येतो, आणि पाणीही वाचतं. इंचभर ओढायचं, पातं मगमधल्या पाण्यात हलवायचं, पुन्हा इंचभर. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. तिसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यावर एकही कपटा नव्हता.

कापण्याचा खर्च वहीत येत नाही, पण तो असतो. जखमेवर मलम, त्यावर महागडं आफ्टर शेव्ह, आणि शेवटी 'हे आपल्याला जमत नाही' म्हणून कपाटात गेलेला रेझर. पैसे वाया जाण्याचं हे कारण मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं आहे.

पातं शेवटपर्यंत पिळून काढणं

चार रुपयांचं पातं बारा दाढ्या चालवणारे लोक मला माहीत आहेत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही तो पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो. म्हणजे न गंजलेलं, चकचकीत दिसणारं पातंही बोथट झालेलं असू शकतं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, गालावर ठेवा. पातं केस ओढायला लागलं की त्याच क्षणी बदला, दाढी अर्धी झालेली असली तरी. एका पात्याचा खर्च चार रुपये, सोललेल्या गळ्याचा त्रास चार दिवस.

आणि पातं टॉवेलने पुसू नका. धारेवर अतिशय पातळ लेप असतो, तो घासला जातो, शिवाय बोट कापतं ते वेगळं. रेझर सैल करा, धुवा, झटका, आणि बाथरूमच्या दमट कोपऱ्याऐवजी कोरड्या जागी ठेवा. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हे फारच महत्त्वाचं.

फेसच होत नाही, मग साबण बदलतात

पुण्याच्या उपनगरांत अनेक सोसायट्यांना बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. त्या पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट पांढरा थर करतात आणि फेस बसून जातो. लोक साबणाला दोष देतात आणि ३०० चा सोडून ९०० चा आणतात. तोही तसाच बसतो. फक्त दाढीपुरतं वाटीभर आरओ फिल्टरचं पाणी घ्या, कोमट करा. बाजारातल्या साध्या साबणाचाही घट्ट, दह्यासारखा फेस होतो. ब्रश आधी भिजवून झटका, साबणावर अर्धा मिनिट फिरवा आणि थेंब थेंब पाणी वाढवत न्या. बुडबुडे दिसले तर ब्रश अजून फिरवायला हवा. चेहरा मात्र आधी गरम पाण्याने धुवाच. भिजलेला केस कोरड्यापेक्षा कितीतरी सहज कापला जातो, म्हणून आंघोळीनंतरची दाढी सर्वांत चांगली.

डब्यातला फोम वापरणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. २०० चा डबा दोन महिने पुरला तर वर्षाला १,२०० जातात. हा खर्च माझ्या वर्षभराच्या पात्यांच्या चौपटीहून जास्त आहे. क्रीमची ८० रुपयांची ट्यूब ब्रशवर तीन-चार महिने जाते. म्हणजे रेझर न बदलता फक्त ब्रश घेतला तरी खरी बचत सुरू होते, आणि हे मला वाटतं कोणी पुरेसं सांगत नाही.

दाढीनंतर तुरटीचा खडा पुरे आहे. ओल्या गालावर फिरवा, जिथे चुरचुरेल तिथे दाब जास्त पडला होता असं समजा, थोड्या वेळाने धुवून टाका. खडा दुसऱ्याला देऊ नका, रेझर तर मुळीच नको. रक्ताचा सूक्ष्म अंश राहिला तर हिपॅटायटिससारखे संसर्ग त्यातून पसरू शकतात.

अडचण आली तर

एका बाजूने छान कापतं आणि दुसऱ्या बाजूने ओढतं? पातं तिरकं बसलंय. दांडा सैल करा, झाकणाच्या दोन्ही टोकांना, जिथे धार नाही तिथे धरून दाबा आणि मग आवळा. दोन्ही बाजूंना पातं सारखंच डोकावलं पाहिजे.

नवं पातं असूनही काहीच कापत नाही? तीन भागांच्या रेझरमध्ये मधली पट्टी उलटी बसलेली असते. हे फार जणांचं होतं, आणि ते रेझर परत करून बसतात. पट्टी उलटून पातं पुन्हा बसवा.

हनुवटीखाली पुटकुळ्या येतात? गळ्यावरचे केस सगळे खालीच जात नाहीत. कुठे आडवे, कुठे वरच्या दिशेने वाढतात. दोन दिवस दाढी वाढू द्या, बोट फिरवून दिशा बघा आणि पहिला हात केसांच्या दिशेनेच फिरवा. दुसरा हात हवा असेल तर पुन्हा फेस लावून आडवा. उलट्या दिशेने फक्त ज्यांच्या कातडीला सोसतं त्यांनीच. पुटकुळ्यांत पू झाला, किंवा त्या जातच नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

विमानप्रवासाचंही आधीच ठरवा. सुटी पाती हातसामानात चालत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत टाकावी लागतात. नुसतंच हातसामान असेल तर पोचल्यावर एक पाकीट घ्या.

आणि वापरलेली पाती. ही चूक पैशांची नाही, पण ती मला सर्वांत जास्त टोचते. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलेलं पातं कुणाच्या तरी बोटात जातं. पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई तो हातांनी निवडतात. एखादा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, चिकटपट्टीने झाकण पक्कं करा आणि पातं त्यात सोडा. माझा बोर्नव्हिटाचा जुना डबा तीन वर्षं झाली तरी भरलेला नाही. त्यावर मार्करने ठळक लिहून ठेवलंय: 'धारदार पाती. उघडू नये.' भरला की तसाच बंद, भंगारवाल्याच्या हातात, काय आहे ते सांगून देणार आहे.