ब्रशच्या सबस्क्रिप्शन कंपनीत काम करायचं असेल तर

कुडाळला घरी बसून मी अडीच वर्षं एका टूथब्रशच्या कंपनीसाठी ग्राहकांचे फोन घेतले. दुकान नाही, डीलर नाही. ग्राहक वेबसाइटवर एकदा इलेक्ट्रिक ब्रश घेतो आणि मग दर तीन महिन्यांनी नवं ब्रशहेड नि पेस्ट त्याच्या घरी पोचते. अमेरिकेत क्विप या कंपनीने २०१५ मध्ये याच पद्धतीने विक्री सुरू केली. आपल्याकडची मुलं आता या कामात येताहेत आणि मला विचारतात, म्हणून लिहिते.

तीन महिने हा आकडा आधी स्वतःला पटवून घ्या. केस झिजून फाकले की ब्रश नीट घासत नाही, म्हणून दंतवैद्य तीन-चार महिन्यांनी तो बदलायला सांगतात. मालवणच्या एका काकी मला म्हणाल्या, "बाय, माझो ब्रश अजून बरो आसा, दुसरो कित्याक धाडलास?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. त्यांनी त्याच दिवशी सबस्क्रिप्शन बंद केलं. तेव्हापासून मी आधी विचारायचे, केस बाहेर वळलेत का? वळले नसतील तर पुढचा डबा महिनाभर लांबवायचा. असा ग्राहक टिकतो.

सगळ्यात जास्त शिकले ती गणपतीत. आमचे पुष्कळ ग्राहक मुंबईचे चाकरमानी. नेमक्या त्याच दिवसांत डबा परळच्या किंवा डोंबिवलीच्या बंद खोलीवर जायचा, कुरियरवाला दोनदा येऊन परत न्यायचा आणि 'आरटीओ'चा, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन' किंवा माल परत आणण्याचा, खर्च कंपनीवर पडायचा. ग्राहक गावी आरतीला उभा, आणि त्याच्या फोनवर 'डिलिव्हरी अयशस्वी'. मग मी चतुर्थीच्या तीन आठवडे आधी यादी काढून मेसेज पाठवू लागले: गावी जाणार का, तिकडचा पत्ता नि पिनकोड द्याल का? हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. तुम्ही कोकणातले असाल तर हे ज्ञान तुमच्याकडे आधीपासून आहे. मुलाखतीत ते सांगा.

पैशांची बाजूही समजून घ्या. दर वेळी आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना पाहून काहीजण रद्द करतात, म्हणून नवखे घाबरतात. उलट खात्यात पैसे नसल्याने किंवा कार्डाची मुदत संपल्याने गळणारे ग्राहक वेगळे मोजा. त्यांना कंपनी सोडायची नसते, एक साधा फोन पुरतो. आणि रद्द करायचं बटण लपवायला कुणी सांगितलं, तर स्पष्ट नकार द्या. केंद्र सरकारने २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सबस्क्रिप्शनच्या सापळ्याला बंदी घातली आहे. शिवाय तो ग्राहक आपल्याच शेजारच्या वाडीतला असू शकतो.

पावसाळ्यात "ब्रशला बुरशी आली" अशा तक्रारी येतील. माल खराब आहे असं लगेच धरू नका. दमट हवेत ओला ब्रश टोपी लावून ठेवला की तो वाळत नाही. उभा, उघडा ठेवायला सांगा, पण बुरशी आलेलं हेड बदलून द्याच.

मशेरीबद्दल मात्र फार जपून बोला. आईची मशेरी सुटावी म्हणून मुली ब्रश मागवतात आणि विचारतात, "याने सुटेल ना?" हो म्हणू नका. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेली मशेरी सुरूच आहे आणि तिची सवय तंबाखूची असते, ब्रशने जात नाही. एका मुलीने बोलता बोलता सांगितलं की आईच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. मी ऑर्डर घेतली नाही, आधी दंतवैद्याकडे नेऊन तोंड तपासून घे म्हटलं. त्या दिवशी माझं टार्गेट एकाने कमी भरलं. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी हेच कारण लिहून दिलं.