मिझुनाला डोंगळे आले तेव्हा

मिझुना ही क्योटोकडची मोहरीच्या कुळातली पालेभाजी. पानं कातरलेली, चव मोहरीच्या पाल्यापेक्षा सौम्य. बियाणं हातात आलं त्या आनंदात मी ते फेब्रुवारीअखेर नाशिकच्या गच्चीत पेरलं. रोपं वीतभर होतात न होतात, तोच मधून दांडा वर आला आणि पिवळी फुलं लागली. पानं कडू, चिवट. खत कमी पडलं असेल म्हणून शेणखत घातलं, पाणी वाढवलं. काही फरक पडला नाही.

निफाडचे मामा कांदा पिकवतात. त्यांनी बघताक्षणी ओळखलं, "अगं, हे डोंगळेच की, अवेळी आलेले फुलांचे दांडे! ऊन तापलं, दिवस मोठा झाला, की मोहरी फुलणारच."

मग यंदा कोजागिरीनंतर पेरलं, तेही सगळं एकदम नाही, दर पंधरा दिवसांनी एकेक कुंडी. डोंगळे आले नाहीत. पण पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली. हात लावला की टुणकन उडणारे बारीक काळे भुंगेरे! तारेच्या कमानींवर जुनी मच्छरदाणी ताणून कडा मातीत दाबल्या. ती पेरल्या दिवशीच लावा. पहिल्या कुंडीवर मी उशिरा लावली, तर भुंगेरे आतच कोंडले गेले.

आता बुडाशी दोन बोटं ठेवून कापते, पुन्हा फुटवा येतो. लसूण-मिरचीच्या फोडणीत दोनच मिनिटं परतायची, झाकण न ठेवता. बाजरीच्या भाकरीबरोबर फार छान लागते.