एक्स-ब्रेसवरची कार्बन पट्टी सुटते तेव्हा

स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये टॉपला (वरच्या फळीला) आतून आधार देणाऱ्या स्प्रूस लाकडाच्या X आकारातल्या दांड्यांवर (ब्रेस) लावलेली ०.५ मिमीची कार्बन फायबर पट्टी टोकाला उचकटली. दोष इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाचा) नव्हता; पट्टीची चकाकी तशीच राहिली होती, म्हणून तो धरला नाही.

पट्टी १८० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासली (कोरडी घासू नका, धूळ वाईट), वाळवून अ‍ॅसिटोनने पुसली. ब्रेसवरचा जुना इपॉक्सी पटाशीने काढला. मग सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी दोन्हीकडे, क्लॅम्प हलके, २४ तास. करकचून आवळलं की इपॉक्सी बाहेर येतो, सांधा उपाशी राहतो. सुतारकामाचा पांढरा गोंद इथे चालत नाही; त्यातलं पाणी शोषलं गेलं तरच तो सुकतो, आणि कार्बन पाणी शोषत नाही.

पट्टी ब्रेसच्या माथ्यावरच (टॉपपासून लांबच्या कडेवर) हवी. वाकताना सर्वाधिक ताण तिथे येतो. ब्रेसची उंची मात्र कमी करा, नाहीतर टॉप ताठरतो आणि आवाज दबतो.