साउथचे घरगुती पिक्चर नीट बघायचे कसे (मारामारीवाले सोडून)

सगळ्यात आधी हिंदी डबिंग बंद करा. खरंच सांगतोय, मदुराईचा मेकॅनिक असो नाहीतर कोचीजवळच्या बेटावरचा मासेमारी करणारा पोरगा, डबिंगमधे सगळे एकाच माणसाच्या आवाजात बोलतात आणि गावाची बोली जाते ती जातेच. सेटिंगमधे जाऊन मूळ भाषा लावा, खाली सबटायटल लावा, पहिली दहा मिनिटं डोळे वरखाली करून वैताग येतो मग सवय होते.

पण सबटायटलवर पण पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. मी सुरवातीला एक मल्याळम पिक्चर बघत होतो, त्यात बहीण भावाला "चेट्टा" म्हणत होती, म्हटलं चला चेट्टा म्हंजे दादा, एक शब्द तर शिकलो. पुढच्याच पिक्चरमधे एक बाई एकाला चेट्टा चेट्टा करतेय आणि मी वीस मिनिटं त्या दोघांना भाऊबहीण समजून बसलो, ते निघाले नवराबायको! तिकडे बऱ्याच घरांत बायको नवऱ्याला पण चेट्टा किंवा एट्टा म्हणते. तेव्हापासून मी वाचतो कमी आणि ऐकतो जास्त.

ऐकायचं काय, तर कोण कोणाला काय हाक मारतं ते. तमिळमधे "नी" म्हंजे तू आणि "नींग" म्हंजे तुम्ही, तेलुगूत "नुव्वु" आणि "मीरु", कन्नडमधे "नीनु" आणि "नीवु". इंग्रजी सबटायटलमधे या सगळ्याचं एकच "यू" होतं. आपल्याला अहोजाहो आणि अरेतुरे जन्मापासून माहितीये त्यामुळे कान लगेच पकडतो. पोरगी नींग वरून नी वर आली की समजायचं गाडी पुढे सरकली, आणि म्हाताऱ्या माणसाला एखादं शाळकरी पोरगं नी म्हणत असेल तर तिथे जात आली, कोणी तोंडाने सांगितलेलं नसलं तरी.

मामाच्या पोरीचं प्रकरण आपल्याला समजायला सोपं आहे. तेलुगू पिक्चरमधे "बावा" (आते-मामेभाऊ) आणि "मरदलु" (आते-मामेबहीण) ऐकू आलं की ही आतेमामेवाली चेष्टामस्करी आहे. पण तमिळ आणि तेलुगू भागात एक पायरी पुढे, सख्ख्या बहिणीच्या मुलीशी मामाचं लग्न ही पण जुनी रीत. त्यामुळे पोरगी वयात आली की तमिळ घरात मामा ताटंच्या ताटं सजवून आहेर घेऊन येतो तो सीन नुसता सणाचा म्हणून बघू नका, त्यात मान असतो आणि कधीकधी हक्क पण असतो. मग पोरीने बाहेरचा पोरगा पसंत केला की बापाच्या आधी मामा का भडकतो ते कळतं.

आता जात. इथे आपली आडनावाची ट्रिक चालत नाही. तमिळनाडूत बहुतेक लोक आडनाव लावतच नाहीत, नावाआधी बापाच्या नावाचं आद्याक्षर, बस्स. म्हणून दिग्दर्शक दुसऱ्या खुणा पेरतात, गल्ली कुठली, पुतळा कोणाचा, भिंतीचा रंग कोणता, मनगटावरचा धागा कोणत्या रंगाचा. हा धागा पिक्चरवाल्यांनी काढलेला नाहीये बरं का, दक्षिण तमिळनाडूत शाळेतली पोरं जातीप्रमाणे रंगीत धागे बांधतात आणि 2024 मधे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रू यांच्या समितीने शाळेत यावर बंदी घाला म्हणून शिफारस केली.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं तर तमिळ दिग्दर्शक मारी सेल्वराज यांचा 2018 चा "परियेरुम पेरुमाळ". तिरुनेलवेलीच्या लॉ कॉलेजातला दलित पोरगा, वर्गातली मुलगी त्याला अभ्यासात मदत करते, आणि गंमत म्हंजे त्याला स्वतःला पण नीट माहीत नाही की हे प्रेम आहे का अजून काही. पण मुलीच्या घरच्यांना आधीच "माहिती" असतं. ती त्याला घरच्या लग्नाला बोलावते, तो नवा शर्ट घालून जातो आणि तिथे त्याचं जे होतं ते मी लिहीत नाही. (पुढची दोन वाक्यं शेवटाची आहेत, नको असेल तर सोडा.) शेवटी तो आणि मुलीचा बाप चहाला भेटतात, मग ते निघून जातात आणि टेबलावर दोन ग्लास उरतात, मधे एक मोगऱ्याचं फूल. ना हाणामारी ना मिठी, दोन ग्लास शेजारी ठेवलेत एवढंच, आणि तेवढ्यासाठी आख्खा पिक्चर लागला! याचाच हिंदीत 2025 मधे "धडक 2" झाला, पण आधी मूळ बघा.

प्रत्येक भाषेतला जातीचा पिक्चर एवढा जड नसतो. तेलुगूतला "केअर ऑफ कंचरपालेम" (हा पण 2018 चाच) विशाखापट्टणमच्या एका वस्तीत तिथल्याच साध्या लोकांना घेऊन केलाय. चार वयांच्या चार लव्हस्टोऱ्या, त्यातला सरकारी ऑफिसातला बिनलग्नाचा 49 वर्षांचा शिपाई आणि त्याची विधवा साहेबीण हे दोघं माझे फेवरेट. शेवट कोणाला विचारू नका आणि मधेच उठू नका. कन्नडमधला "तिथी" तर मंड्याकडच्या गावात, शंभरी पार केलेला आजोबा मरतो आणि अकराव्याच्या आत नातवाला आणि पणतूला प्रत्येकाला वेगळीच घाई, एकाला जमीन विकायची तर एकाला मेंढपाळाची पोरगी पटवायची. सातबाऱ्यावरून भांडलेलं घर ज्याने जवळून बघितलंय तो जास्त हसेल.

मल्याळम सुरू करायचं तर "कुंबळंगी नाइट्स", 2019. फहाद फाजिलचा शम्मी आरशासमोर उभा राहतो, मिशी नीट करतो, आरशावर बायकोची टिकली चिकटलेली दिसते ती ब्लेडने खरवडून काढतो, आणि स्वतःकडे बघून खूश. संसार कसला आहे हे तिथेच कळलं, पुढे दोन तास फक्त ते बाहेर कधी येतंय याची वाट बघायची. म्हणून पहिली पंधरा मिनिटं मोबाइल लांब ठेवायचा, हे लोक महत्त्वाचं सगळं आधीच दाखवून ठेवतात आणि कोणी बोट करून दाखवत नाही.

आणि मग दिग्दर्शक जियो बेबीचा "द ग्रेट इंडियन किचन", हा पण मल्याळमच, 2021. बॅकग्राउंड म्युझिक जवळपास नाहीच, नुसता चिरण्याचा, वाटण्याचा, भांड्यांचा आवाज. सासऱ्याला भात चुलीवरचाच हवा, कपडे मशीनमधे नको हाताने धुवायचे, वर तो आवाज पण चढवत नाही, बाळा बाळा करून गोड बोलतो. त्या घरातल्या माणसांना नावं पण दिलेली नाहीत. पुरुष आधी जेवतात, चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा ताटाबाहेर टेबलावर टाकतात आणि बायका त्याच खरकट्यात बसून जेवतात. हा जेवताना लावू नका. मी लावला होता, आईसोबत, माझं झालं आणि मी ताट तसंच ठेवून सोफ्यावर आडवा. आई काही बोलली नाही, रिमोट उचलला, पॉज केलं आणि ताटाकडे बघत बसली.